भंगारातल्या ब्लोअरपासून पाचोळा ओढणारं यंत्र

अंगणात एखाददुसरंच झाड असेल तर यंत्राच्या भानगडीत पडू नका. खराटा आणि टोपली पुरते. पण सोसायटीच्या रस्त्यावर दुतर्फा बदाम आणि वर्षावृक्ष असतील, किंवा बंगल्याभोवती वड, जांभूळ, फणस अशी जुनी झाडं असतील, तर माघ-फाल्गुनात झाडलोटीला माणूस पुरत नाही. मग कोणीतरी ढीग पेटवून देतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड त्या आदेशात आहे. तरीही दरवर्षी धूर होतोच, कारण गोळा करणं हेच खरं कष्टाचं काम.

हातात धरायचे तयार ब्लोअर-व्हॅक्यूम मिळतात. त्यांची पिशवी बघता बघता भरते, आणि बदामाचं तळहाताहून मोठं पान त्यांच्या तोंडाशीच आडवं बसतं. आपण बनवणार आहोत ते गाड्यावरचं यंत्र: जुना सेंट्रिफ्यूगल ब्लोअर (मधून हवा ओढून कडेने फेकणारा), दीड ते दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार, सहा इंची लवचीक नळी आणि २०० लिटरचं निळं पिंप. वेल्डर आणि लेथवाला ओळखीचे असतील तर बाकीचं घरी होतं.

ओढ कमी, वारा जास्त

घरातला व्हॅक्यूम क्लीनर पाण्याच्या दीड-दोन मीटर स्तंभाएवढी ओढ तयार करतो, पण त्यातून वाहणारी हवा सेकंदाला ३०-४० लिटरच असते. बारीक नळीतून धूळ उचलायला ते ठीक. पानाला उलट गणित लागतं. ओढ त्याच्या दहाव्या हिश्श्याने असली तरी चालते, हवा मात्र दहापट हवी.

नळीत पान तरंगत राहायचं, वळणावर बसायचं नाही, तर हवेचा वेग सेकंदाला साधारण २० मीटर लागतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या नळीत एवढा वेग ठेवायचा तर तासाला सुमारे १,२७० घनमीटर हवा ओढावी लागते. ब्लोअरवर माहितीची जी पट्टी असते तिच्यावर हे ७५० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ७५० घनफूट, असं दिसेल. चार इंची नळी घेतली तर निम्म्याहून कमी हवेत तोच वेग मिळतो, म्हणून लोक तिकडे वळतात. पण चार इंचात बदाम किंवा फणसाची पानं एकदम आली की बोळा झालाच. आठ इंची नळीला १,३०० सीएफएमच्या वर वारा लागतो आणि ते घरगुती मोटारीच्या आवाक्यात नाही. सहा इंचावरच थांबा. पुढची सगळी मापं याच नळीला धरून आहेत.

पानं पंख्यातून जाऊ द्यायची का?

परदेशी बनावटीच्या मोठ्या यंत्रांत पान थेट पंख्यातून जातं आणि तुकडे होऊन पिशवीत पडतं. ऐकायला छान वाटतं. पण पानाबरोबर खडी येते, सुपारीएवढे दगड येतात, बाटलीची बुचं येतात. या यंत्रांचे पंखे त्यासाठी जाड पत्र्याचे, वेगळ्या पात्यांचे असतात. भंगारातून आणलेल्या, कधी वेल्डिंगने डागलेल्या पंख्याकडून ती अपेक्षा ठेवणं म्हणजे जीवाशी खेळ. म्हणून पान आधी पिंपात पडलं पाहिजे आणि पंख्याकडे फक्त हवा व धूळ गेली पाहिजे. पाचोळा बारीक करायचा असेल तर ते वेगळं काम आणि वेगळं यंत्र.

भंगारात काय शोधायचं

सगळ्यात सोयीचा माल म्हणजे फर्निचरच्या कारखान्यातून निघालेला, लाकडाचा भुसा ओढणारा एक पिशवीचा ब्लोअर. मोटार आणि पंखा एकाच दांड्यावर, तोंड चार किंवा पाच इंची. त्याखालोखाल भट्टीला वारा घालणारे ब्लोअर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा भोसरीच्या आसपासच्या भंगारवाल्यांकडे ते दिसतात. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही चक्कर मारायला हरकत नाही. भट्टीचे ब्लोअर बहुतेक थ्री फेज असतात. घरी ते कनेक्शन नसेल तर मोटार बदलावी लागेल, तेव्हा दांड्याची जाडी आणि पायाच्या भोकांचं माप जुळतं का हे पाहूनच सौदा करा.

कूलरचा जाळीदार गोल ब्लोअर घेऊ नका. त्याची पाती पातळ आणि दाट असतात, धुळीने महिन्याभरात बुजतात. धान्य उफणायचा पंखाही नको. तो वारा भरपूर देतो, पण समोर नळी आणि जाळी आली की दमतो. आपल्याला १२ ते १४ इंच व्यासाचा, सरळ पात्यांचा, पोलादी पंखा हवा. तो २,८८० फेऱ्यांवर चालणारा असावा.

दुकानातच तीन गोष्टी करा. पंखा हाताने फिरवून पाहा: करकर आवाज आला तर बेअरिंग गेली आहे, ते स्वस्तात होतं. दांडा धरून वर-खाली हलवा: तिथे खेळ जाणवला तर आतली बैठक झिजली असू शकते, ते महागात पडतं. आणि टॉर्च लावून पात्यांच्या वेल्डिंगच्या मुळाशी बघा. तिथे केसाएवढी चीर दिसली की खाली ठेवून द्या, भाव कितीही उतरला तरी.

उघडणं आणि साफ करणं

मोटार सोडवण्याआधी मार्करने कवचावर फिरण्याची दिशा, पंख्याची बाहेरची बाजू आणि तारांची जोडणी लिहून घ्या, फोटो काढा. पंखा दांड्यावर चावीने (खाचेत बसणारी लोखंडी पट्टी) आणि ग्रब स्क्रूने (बिनडोक्याचा स्क्रू) बसलेला असतो. हा स्क्रू गंजलेला असतोच. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा आणि सकाळी नव्या, कड न झिजलेल्या ॲलन कीने सोडवा. पुढे पुलर, म्हणजे पंखा दांड्यावरून ओढून काढणारं अवजार. पंख्यावर हातोडा मारू नका. मागची तबकडी वाकली की तो पुन्हा सरळ फिरणार नाही.

कवचाला तारेचा ब्रश, मग रेड ऑक्साइड, मग रंग. यात फार वेळ घालवू नका. पंखा मात्र लोखंडापर्यंत स्वच्छ करा, पात्यांच्या आतल्या कोपऱ्यात बसलेला भुशाचा थर पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढा. हा थर सगळीकडे सारखा नसतो आणि बऱ्याचदा ‘ब्लोअर थरथरतो’ या तक्रारीचं मूळ तेवढंच असतं. रंग द्यायचाच तर एक पातळ हात.

बेअरिंगचा नंबर तिच्या कडेला कोरलेला असतो. या मापाच्या मोटारीत बहुधा ६२०४ किंवा ६२०५ निघते. नवी घेताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली मागा, पत्र्याच्या झाकणाची नको. आपल्या कामात धूळ फार. बसवताना दाब आतल्या कड्यावरच द्या. बाहेरच्या कड्यावर ठोकलेली बेअरिंग पहिल्याच दिवशी जखमी होते आणि आवाज चार आठवड्यांनी सुरू होतो.

पंख्याचा तोल

हा भाग घाईत उरकू नये. पंख्याच्या कडेला, मध्यापासून १५ सेंटिमीटरवर, फक्त दहा ग्रॅम वजन जास्त असेल तर २,८८० फेऱ्यांना ते सुमारे १४ किलोच्या जोराने दांड्याला बाहेर खेचतं. सेकंदाला ४८ वेळा, प्रत्येक वेळी नव्या दिशेला. बेअरिंग किती टिकणार?

लेथवाल्याकडून पंख्याच्या भोकात घट्ट बसेल असा फूटभर लांबीचा सरळ दांडा करून घ्या. दोन लोखंडी अँगल धार वर करून समांतर ठेवा, पाणसळ लावून दोन्ही एकदम पातळीत आणा. त्यावर दांडा ठेवा आणि पंखा सोडून द्या. तो हळूहळू घरंगळत एका जागी थांबेल. सगळ्यात खाली आलेली बाजू जड. तिथे खडूची खूण करा. पंखा पाव फेरी फिरवून पुन्हा सोडा. खूण पुन्हा खाली आली की खात्री झाली.

आता खुणेच्या बरोबर समोर, कडेजवळ, एम-सीलचा कच्चा गोळा किंवा लहान चुंबक चिकटवा. कमी-जास्त करत जा. पंखा कुठल्याही स्थितीत सोडला तरी जागच्या जागी राहू लागला की थांबा. चिकटवलेलं वजन सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा आणि तेवढ्याच वजनाचा पत्र्याचा तुकडा त्याच जागी, तबकडीच्या मागच्या बाजूने, वेल्ड करून घ्या. वेल्डिंगची काडीही थोडं वजन टाकते, म्हणून तुकडा किंचित हलका घ्या आणि वेल्डनंतर पुन्हा अँगलवर ठेवून ग्राइंडरने शेवटचा हात फिरवा. पात्यांना ग्राइंडर लावायचा नाही, फक्त तबकडीच्या कडेला.

मोटार

सिंगल फेज मोटार गुणगुणते पण फिरत नाही, हाताने धक्का दिला की चालते, तर दोष बहुधा कंडेन्सरचा किंवा आतल्या सेंट्रिफ्यूगल स्विचचा. कंडेन्सरला हात लावण्याआधी त्यात साठलेली वीज काढून तो रिकामा करा. बंद मोटारीतलाही कंडेन्सर झटका देतो. वाइंडिंगला जळका वास असेल तर स्वतः काही करू नका, रिवाइंडिंगवाल्याकडे द्या आणि त्याच्याकडूनच मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावून घ्या. ५०० व्होल्टच्या मेगरवर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात एक मेगओहमच्या खाली आकडा दाखवला तर ती मोटार अंगणात वापरायची नाही.

पट्टा आणि पुली लावून पंख्याच्या फेऱ्या वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. फेऱ्या दहा टक्के वाढल्या तर वारा दहाच टक्के वाढतो, पण मोटारीवरचा भार ३३ टक्क्यांनी चढतो आणि पंख्याच्या वेल्डवरचा ताणही २१ टक्क्यांनी. पट्टीवर छापलेल्या फेऱ्या ही मर्यादा समजा.

पिंप

कड्याने आवळायचं झाकण असलेलं २०० लिटरचं प्लास्टिक पिंप घ्या, लोणचं किंवा इतर खाद्यपदार्थ आलेलं. रसायनाचं स्वस्त मिळतं, पण त्यातला पाचोळा नंतर खतात जाणार आहे हे लक्षात ठेवा.

नळी पिंपात सरळ घुसवायची नाही. वरच्या भागात, झाकणाच्या चार बोटं खाली, पिंपाच्या गोलाईला घासून आत येईल अशी तिरकी बसवायची. मग हवा आत गोल फिरते, पानं भिंतीला लागून खाली उतरतात. यासाठी प्लंबिंगच्या दुकानात मिळणारा १६० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा) पाइप चालतो. त्याचा आतला व्यास साधारण सहा इंच भरतो. भोक लांबट, अंड्याच्या आकाराचं पडेल. आधी पुठ्ठ्याचा साचा करा, मग जिगसॉ लावा.

आता अडचण अशी की या निळ्या प्लास्टिकला काहीच चिकटत नाही. एम-सील, फेविक्विक, सिलिकॉन, दोन दिवसांत सगळं सुटून येतं. पाइपला पत्र्याची कॉलर करा, कॉलर आणि पिंप यांच्यामध्ये स्कूटरच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाला आणि नटबोल्टने आवळा. हवा कुठे गळते ते उदबत्तीच्या धुराने कळतं.

हवा बाहेर जाण्याचं भोक झाकणाच्या मधोमध. त्याला आतून जाळीचं नळकांडं लटकवा: २५ सेंटिमीटर व्यास, ४० सेंटिमीटर लांबी, तळाशीही जाळी, भोकं दोन सूताची. एवढ्या मोठ्या जाळीचं कारण असं की तिचं क्षेत्रफळ नळीच्या तोंडाच्या वीसपट होतं. त्यामुळे जाळीजवळ हवा मंद होते आणि पान चिकटलं तरी सुटून पडतं. थेट भोकावर जाळीचा तुकडा ठोकलात तर तीन पानांत यंत्र बंद. गुलमोहराच्या बारीक पाकळ्यांसारख्या पर्णिका या जाळीतून निघून जातील. जाऊ द्या, त्या पंख्याचं काही बिघडवत नाहीत.

झाकणाला वरून बारा मिलिमीटर प्लायची गोल तबकडी बोल्ट करा. नळी पूर्ण तुंबली तर झाकणावर जवळजवळ चाळीस किलोचा दाब येतो आणि नुसतं प्लास्टिक आत खचतं. काही जण पिंपाऐवजी तीन बाय तीन फुटांची प्लायची पेटी करतात, कारण पिंपात जाळीखाली उरलेली जागाच भरता येते, म्हणजे शंभरेक लिटर. विचार चांगला आहे, पण त्या पेटीच्या प्रत्येक बाजूवर तुंबल्यावर सव्वाशे किलोंच्या वर भार येईल. अँगलची चौकट केल्याशिवाय तो प्रयोग नको.

झाकणावरून ब्लोअरच्या तोंडापर्यंतची नळी शक्य तितकी आखूड ठेवा. ब्लोअरचं तोंड पाच इंची असेल तर फॅब्रिकेटरकडून निमुळता पत्रा करून घ्या. फूटभर लांबीत हळूहळू निमुळता होणारा, एकदम पायरी नको. हा सांधा बोल्टनेच बांधा, क्लिप नको. हाताने सहज निघणारी नळी म्हणजे फिरत्या पंख्याला मोकळी वाट. ब्लोअरच्या बाहेरच्या तोंडाला जुन्या सुती चादरीची लांब पिशवी शिवून लावली की शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ बसत नाही.

नळी आणि तोंड

ओढायची नळी तीन मीटर, फार तर चार. लवचीक नळीच्या आतल्या वळ्या वारा खातात, त्यामुळे लांबीचा हव्यास नको. गाडाच पुढे ढकला. आत तारेची स्प्रिंग असलेली नळी घ्या आणि त्या तारेचं एक टोक ब्लोअरच्या बॉडीला जोडा. कोरड्या हवेत पानं घासून नळीवर स्थिर वीज साठते, तिचे चटके बसतात.

तोंडाला त्याच १६० मिलिमीटर पाइपचा चार फुटी तुकडा, खालचं टोक ४५ अंशांत तिरकं कापून. सरळ कापलेलं तोंड जमिनीला टेकलं की हवाच बंद होते. रुंद चपटं तोंड दिसायला झकास, पण काटक्या तिथेच अडकतात.

वायरिंग

१६ अँपिअरचा प्लग, अडीच चौरस मिलिमीटरची तीन कोअर तांब्याची केबल, आणि लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच). केबलचं रीळ वापरत असाल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल आतून तापते. साध्या स्विचऐवजी डीओएल स्टार्टर (मोटार थेट लाइनीवर सुरू करणारा) बसवा. त्यात मोटारीच्या अँपिअरप्रमाणे ओव्हरलोड (भार वाढला की मोटार बंद करणारा भाग) लावता येतो. शिवाय वीज जाऊन परत आली तर मोटार आपोआप सुरू होत नाही. तुम्ही नळीत अडकलेली काटकी काढत असताना वीज आली, एवढा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा.

सगळं गाड्यावर बांधताना ब्लोअर खाली, दोन चाकांच्या मधोमध. जुन्या लोटगाडीची चाकं उत्तम. मोटारीखाली रबराचे तुकडे.

पहिल्यांदा चालू करताना

आधी क्षणभर बटण दाबून सोडा आणि दिशा बघा. सेंट्रिफ्यूगल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूने ओढतो, फक्त कमी. त्यामुळे कित्येकांचे ब्लोअर उलटे फिरत असतात आणि ते मोटारीला नावं ठेवतात.

मग नळी, पिंप सगळं जोडूनच चालू करा. तोंड मोकळं ठेवून, नळीशिवाय चालवलं तर सरळ पात्यांचा ब्लोअर जास्तीत जास्त हवा ओढतो आणि मोटारीवर सर्वांत जास्त भार येतो. इलेक्ट्रिशियनच्या क्लॅम्प मीटरने आकडा बघा: मोटारीच्या पट्टीवरच्या अँपिअरच्या आत हवा. नळी हाताने झाकली तर आकडा उतरेल आणि आवाज चढेल. हाच आवाज पुढे उपयोगी पडतो. काम करताना सूर वर गेला की समजायचं पिंप भरलं किंवा नळी तुंबली.

पंधरा मिनिटांनी बंद करून बेअरिंगच्या जागी हात ठेवा. हात ठेवता येत नसेल इतकं तापलं तर पुढे जाऊ नका. सगळे बोल्ट पुन्हा आवळा, पहिल्या दिवशी ते हमखास सैल होतात.

अंगणात

दव वाळल्यावर, दहा-अकरानंतर सुरुवात करा. ओला पाचोळा जड असतो आणि पिंपाच्या भिंतीला थापला जातो. आधी खराट्याने ओळी लावून घ्या. यंत्र घेऊन एकेका पानामागे फिरण्यात अर्थ नाही. काटक्या, सुपाऱ्या, नारळाच्या झावळ्या, बाटल्या हाताने बाजूला काढा. जुना ढीग असेल तर लांब काठीने उचकून बघा. पाचोळ्यात विंचू असतात, कोकणात फुरसं असतं. गुडघ्याखाली येतील असे बूट, डोळ्यांना चष्मा, एन-९५ मास्क आणि कानांना बोळे.

सगळंच ओढायची गरज नसते. आंब्याच्या आळ्यातला पातेरा तिथेच राहू द्या, तो ओल धरून ठेवतो. रस्ता, फरसबंदी, गटाराच्या जाळ्या, गच्ची एवढंच आपलं क्षेत्र. कोकणात काजूच्या बागेभोवती वणव्यासाठी पट्टा मोकळा करायचा असेल तर वीज पोचत नाही आणि पाच अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन लावावं लागतं. पण वाळल्या गवतात त्या इंजिनाच्या धुराड्याला ठिणगी अडवणारी जाळी हवीच.

पिंपातला माल जाळीच्या गोल पिंजऱ्यात थर देऊन टाका: फूटभर पाचोळा, त्यावर शेणकाला किंवा स्वयंपाकघरातला ओला कचरा, पुन्हा पाचोळा. नुसत्या पानांत कर्ब फार आणि नत्र कमी, म्हणून शेणाशिवाय ढीग महिनोन्‌महिने तसाच बसून राहतो. जागा नसेल तर पोत्यांत भरून ठेवा, घेणारे मिळतात. पुण्यात अदिती देवधर यांच्या ‘ब्राउन लीफ’ उपक्रमातून पाचोळा जास्त असणारे आणि खतासाठी हवा असणारे एकमेकांना सापडतात.

पावसाळ्यापूर्वी नळी आतून पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून छताखाली टांगा. जमिनीवर ठेवलेली नळी उंदीर कुरतडतात. पंख्याचं कवच उघडून धूळ काढा, पंख्याला तेलाचा हात द्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर पंधरवड्याला प्लग काढून ठेवलेली मोटार हाताने दोन-चार फेऱ्या फिरवा, म्हणजे बेअरिंग एकाच जागी बसून राहत नाही.